खंडेनवमीचा निळा उजेड

"बंद हत्याराची कसली पूजा? झोपलेल्या माणसाला ओवाळतं का कुणी?" बळवंतराव फडतरे गरजले, आणि अनुयाने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आता हे काही ऐकायचे नाहीत.

बळवंतराव तिचे वडील. मूळचे साताऱ्याकडचे. सगळी नोकरी फौजेच्या वर्कशॉपमध्ये झाली, शेवटची बदली जयपूरला झाली, आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते तिलक नगरात जे राहिले ते राहिलेच. फौजेत खंडेनवमीला त्यांनी ट्रकची इंजिनं सुरू ठेवून पुजलेली. धडधडत्या इंजिनाला हार घालायचा, बॉनेट उघडून आत कुंकू वाहायचं, मग नारळ. त्यांच्या लेखी यंत्र म्हणजे हत्यार, आणि हत्यार जागं असतानाच त्याच्यापुढे हात जोडायचे. निवृत्तीनंतर पुजायला घरात होतं काय, तर एक पाना, एक विळी आणि पोराची सायकल! बिचाऱ्यांचा जीव त्यात कसा रमावा? अशात लेकीच्या ताब्यात एवढं मोठं यंत्र आलं. "औंदा पूजा तुझ्या मशिनीची," त्यांनी गणपतीतच जाहीर करून टाकलं होतं.

ते यंत्र होतं जगतपुऱ्याला, रेल्वे स्टेशनच्या पलीकडे, एका छोट्या कारखान्यात. अतिनील किरणांचा लेसर. दोन हजार सात साली जयपुरात असली यंत्रं फार नव्हती, आणि अनुयाला त्याचा अभिमान होता, तो असायलाही हवा. सिरॅमिकच्या चकत्यांना, प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांना ती त्या किरणाने केसाहून बारीक भोकं पाडायची. बाकीचे लेसर जाळून कापतात, कडा काळ्या करतात. हा जाळत नाही. हा पदार्थाचे सांधेच सोडवून टाकतो, कापल्यावर कडेला बोट लावा, गार. धूर नाही, वास नाही, आणि मुख्य म्हणजे किरण दिसत नाही. सिनेमात दाखवतात तशी लाल रेघ वगैरे काही नाही. समोर हवा असते, बस्स.

म्हणून तर त्याला इतके पहारे. यंत्रावर झाकण, झाकण उघडलं की किरण बंद. खोलीत शिरताना प्रत्येकाने चष्मा घालायचा. आणि टेबलाखाली एक पॅडल, ते पायाने दाबून धरलं तरच किरण सुटायचा, आणि मग संगणकात शेवटचं जे काम भरलेलं असेल ते करत राहायचा.

त्या वर्षी घरात अजून एक मोठी गोष्ट चालली होती. धाकट्या संकेतची हवाई दलाच्या बोर्डातून वैमानिक म्हणून निवड झाली होती. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी, दसरा झाला की दिल्लीला. बाप जन्मभर गाड्यांखाली उताणा पडून ग्रीस खात होता, आणि पोरगं आता आभाळात जाणार! त्या दिवसांत फडतऱ्यांच्या घरी संकेतच्या डोळ्यांची जी बडदास्त चालली होती, ती विचारू नका. आई, सुलोचनाबाई, रोज त्याला गाजर किसून द्यायच्या. टीव्हीवर कापड टाकून ठेवलेलं. पोरगा खिडकीत उभा राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवायचा, आणि बळवंतराव खालची, त्याच्याहून बारीक अक्षरं वाचायला लावायचे. वाचली की स्वतःच टाळी वाजवायचे.

तर खंडेनवमीच्या सकाळी सगळे जगतपुऱ्याला आले. मालक बाहेरगावी, कामगारांना सुट्टी. मालकांनी फोनवर "बिलकुल कीजिए, शुभ काम है" म्हणून आनंदाने परवानगी दिलेली. रिक्षातून उतरून बळवंतराव ताठ मानेने दारापर्यंत गेले, आणि मागून येणाऱ्या अनुयाला फाटकापाशी त्यांची डावी चप्पल एकटीच पडलेली दिसली.

"बाबा, चप्पल!"

"ऑं? कधी निघाली?"

हे नेहमीचं झालं होतं. साखरेच्या आजाराने त्यांच्या तळपायांची जाणीव हळूहळू पळवली होती. चप्पल निसटली तरी पत्ता नाही, खडा टोचला तरी पत्ता नाही. संकेत चिडवायचा, "बाबांची चप्पल घर का पता भूल गयी." सगळे हसायचे, त्या दिवशीही हसले.

पूजेची तयारी झाली आणि वाद सुरू झाला तो हा असा. झाकण बंद ठेवून पूजा करायला सुलोचनाबाई तयार नव्हत्या, डब्याला कुठं कुंकू लावतात का म्हणून. आणि यंत्र बंद ठेवायला बळवंतराव तयार नव्हते.

"बाबा, झाकण उघडलं की ते झोपतंच. तशी सोयच आहे त्यात."

"मग जागं ठिवायची पण सोय असंल की! तू इंजिनेर ना?"

हे मात्र तिला लागलं. सोय होती. दुरुस्तीला येणारा माणूस झाकणाच्या स्विचवर एक चुंबक चिकटवायचा, मग यंत्राला वाटायचं झाकण बंदच आहे. तो चुंबक तिच्या खणात होता. पॅडल दाबल्याशिवाय किरण सुटत नाही, असं तिने वडिलांना सांगितलं आणि मनाशी विचार केला, पंखा फिरेल, दिवे लागतील, म्हाताऱ्याचं समाधान होईल. आणि संकेत जाणार, घरात पहिल्यांदा इतका आनंद आहे, कशाला विरस करायचा? तिने खण उघडला आणि चुंबक लावला.

यंत्र घुमायला लागलं. बळवंतरावांचा चेहरा काय खुलला म्हणता! सुलोचनाबाईंनी टेबलावर लाल कापड अंथरलं, ते पुढून थेट जमिनीपर्यंत लोंबलं. यंत्राच्या तोंडाखाली चकचकीत घासलेलं ताम्हन ठेवलं, त्यात विड्याचं पान, पानावर सुपारी, हळदकुंकू, झेंडू. सगळ्यांनी पायताणं बाहेर काढलेली. सगळ्यांच्या डोळ्यांवर अनुयाने स्वतः चष्मे चढवले.

"कापूर ऱ्हायला गं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुझ्या स्कूटीच्या डिकीत हाय बघ."

"आणते. कुणी कशाला हात लावू नका हं," अनुया म्हणाली आणि बाहेर गेली. हात म्हणाली. पायाचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

डिकी नेहमीसारखी अडकली. मग कापराची पुडी पिशवीच्या तळाशी. तोवर आत आरती सुरू झाली होती, बळवंतरावांचा आवाज दोन भिंती ओलांडून येत होता. कापराशिवाय थांबतील ते बळवंतराव कसले. ती परत खोलीच्या दाराशी आली तेव्हा आरती संपून सगळे आरती घेत होते. बळवंतराव तबक धरून यंत्राला अगदी खेटून उभे होते.

आणि त्यांचा सदरा निळा दिसत होता.

सुलोचनाबाई त्यांचे पांढरे सदरे टिनोपॉलमध्ये बुचकळून काढत, आणि टिनोपॉलवर अतिनील किरण पडला की ते निळं चमकतं. त्या सदऱ्याच्या छातीवर निळसर जांभळा उजेड थरथरत होता. ताम्हनाच्या वर, यंत्राच्या तोंडापासून, डोळ्यांना न दिसणारं काहीतरी सदऱ्याला घासून जात होतं आणि पांढरं सूत तेवढं ते बोलून दाखवत होतं.

"देवीनं दर्शन दिलं गं अनु!" सुलोचनाबाई हात जोडून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. डोळ्यांवर चष्मा नव्हता.

 अनुया धावली आणि भिंतीवरचं लाल बटण तळव्याने ठोकलं. यंत्राचा घुमारा विझला. निळा उजेड गेला, सदरा नुसता पांढरा राहिला.

"आरतीत बंद केलंस?" बळवंतराव ओरडले. "अपशकुन करतीस व्हय? सणाच्या दिवशी?"

 अनुयाने खाली बघितलं. लाल कापडाच्या काठाखाली वडिलांचा डावा पाय अर्धा आत गेलेला होता. ते तबक ठेवायला वळले, पाय निघाला, आणि आत पॅडल वर आल्याची टक् ऐकू आली. त्यांना काही कळलं नाही. कळणार कसं?

"चष्मे कुठे आहेत सगळ्यांचे?"

"अगं, आरती काय चष्म्यावरून घेत्यात?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "हात डोळ्यांना लावायला नकोत?"

खरंच होतं. जन्मभर हेच केलेलं. ज्योतीवरून तळवे फिरवायचे, ते गरम तळवे डोळ्यांना टेकवायचे. चष्मा घातलेला माणूसही तेवढ्यापुरता चष्मा काढतो. तिने स्वतःही काढला असता. बळवंतरावांच्या डोळ्यांवर मात्र चष्मा तसाच होता, कारण त्यांचे दोन्ही हात तबकात गुंतलेले.

"संकेत, तू कुठे उभा होतास?"

"ये क्या, ताई, इथेच. आरती घेतली, आई म्हणाली फूल वाहा, तर वाकून ताम्हनात वाहिलं. मग बाबांच्या पाया पडलो. का गं?"

वाकून. ताम्हनावर. 

सगळे बाहेर प्रसाद वाटायला गेल्यावर तिने ते विड्याचं पान उचललं आणि खिडकीकडे धरलं. पानभर बारीक भोकांच्या ओळी होत्या. सरळ, सारख्या अंतरावर, आदल्या दिवशी चकत्यांवर पाडलेल्या तशाच. कडा हिरव्यागार, कुठे करपल्याची खूण नाही. एवढं सुंदर काम त्या यंत्राने क्वचितच केलं असेल. पानाच्या कडेपाशी ओळी संपत नव्हत्या, त्या पुढे ताम्हनावर गेल्या होत्या. आणि ताम्हन तर आरशासारखं घासलेलं, किरण तिथून वर उसळणारच.

आता तुम्ही म्हणाल, तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. हवंच होतं. पण तिला ठाऊक होतं ते असं: हा किरण डोळ्यांना लागला तर त्या घडीला काहीच होत नाही. माणूस हसतो, जेवतो, पेपर वाचतो. मग काही तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यासारखी होते. आणि तोवर कुठल्याही डॉक्टरला दाखवलं तरी तो म्हणतो, डोळे छान आहेत. कदाचित लागलंच नसेल, ती स्वतःला म्हणाली. ती घाबरली होती, सरळ सांगायचं तर भ्याली होती. पान तिने ओढणीच्या टोकात बांधलं आणि सगळ्यांबरोबर घरी आली.

दुपारी पुरणपोळ्या झाल्या.  अनुया सारखी संकेतकडे बघत होती. तो जेवला, चौथी पोळी मागून घेतली, आईला म्हणाला, "वहाँ मेस में पुरणपोळी नहीं मिलेगी." जेवण झाल्यावर खिडकीत जाऊन त्याने पाटी वाचली. खालची बारीक अक्षरंही वाचली. बळवंतरावांनी टाळी वाजवली. अनुयाच्या पोटात आशेचा एक कोंब फुटला, आणि तिचं तिलाच त्याचं भय वाटलं.

"अशी काय बघतीस त्याच्याकडं?" आईने विचारलं. "नजर लागंल पोराला."

उन्हं उतरली. मोती डुंगरीच्या गणेशमंदिराकडून आरतीच्या घंटा ऐकू यायला लागल्या. सुलोचनाबाई स्वयंपाकघरात डोळे चोळत होत्या. "कांदा लई तिखट निघाला गं," त्या म्हणाल्या. अनुयाने ओट्याकडे बघितलं. ओट्यावर कांदा नव्हता, सणाचा दिवस होता, घरात कांदा चिरलाच नव्हता.

मग बाहेरच्या खोलीतून संकेतचा आवाज आला. "ताई, जरा पाणी दे. डोळ्यांत कचरा गेलाय काहीतरी." थोड्या वेळाने, "ताई, दिवा बंद कर ना." आणि मग तो नुसता ओरडला, लहानपणी दाराच्या फटीत बोट सापडलं होतं तसा.

डोळ्यांच्या इस्पितळात सुलोचनाबाईंना थेंब दिले आणि दोन-तीन दिवसांत बरं वाटेल म्हणून सांगितलं. त्यांना वाटलंही. संकेतचा डावा डोळाही पुढे निवला. उजव्या डोळ्यावरून डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ दिवा हलवला नाही. अनुयाने तिथे सगळं सांगून टाकलं, पान दाखवलं, चुंबकाचं सांगितलं. पॅडलवर कुणाचा पाय होता तेवढं सांगितलं नाही.

"बुबुळावरच्या पडद्यावर मधोमध डाग राहणार," त्या हिंदीत म्हणाल्या, अगदी हळू. "दिसेल. रोजची कामं करेल. पण विमान..." 

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिल्लीची गाडी गेली. संकेत इस्पितळात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून पडला होता. बळवंतराव बाहेरच्या दालनात आले आणि फौजेतली चौकशी मांडावी तसे खुर्चीत ताठ बसले. रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं.

"झाकण उघडं असताना किरण आला कसा?"

"चुंबक मी लावला होता, बाबा."

"मी लाव म्हटलं म्हणून लावलास. ती चूक माझी बी हाय, लिहून घे. पण पॅडल दाबल्याबिगर किरण येत न्हाई, म्हणालीस. कुणी दाबलं?"

"मी."

"खोटं बोलू नको. तू कापूर आणाय गेलतीस."

सुलोचनाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माझाच पाय लागला असंल हो."

"तू यंत्राच्या त्या अंगाला होतीस. तुझा पाय तिथवर पोचंल का? पोरानं माझ्या डाव्या हाताला, कडेला उभं राहून फूल वाहिलं, त्याचा बी पोचायचा न्हाई. मग कोण? आरं, कोणीतरी असंल ना! एकदा कळू दे मला. माझ्या पोराचं आभाळ कुणी काढून घेतलं ते मला कळू दे, मग बघतो मी."

अनुया उठली आणि आत संकेतकडे गेली. त्याने तिच्या पावलांवरून तिला ओळखलं, हात पुढे केला.

"बाबा विचारतायत ना?" तो कुजबुजला. "सांगू नको, ताई."

"काय?"

"पाया पडलो तेव्हा बोटांना लागलं होतं. बाबांच्या पायाखाली लोखंड होतं. मला तेव्हा कळलं नाही काय आहे. मतलब... आता कळलं." त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. "तू पण पाहिलंस ना? मग बस. दोघांतच राहू दे. कळलं तर ते जगायचे नाहीत."

 एकवीस वर्षांचं पोर, स्वतःचं सगळं गेलं, आणि बापाचं बघतंय. तिने मान हलवली, मग त्याला दिसत नाही हे आठवून "हो" म्हणाली.

पट्टी बदलायला त्याला पलीकडच्या खोलीत न्यायचं होतं. "मी नेतो," बळवंतराव आत येऊन म्हणाले. कुणालाही हात लावू दिला नाही. पोराचा दंड आपल्या काखेत धरला आणि लहानपणी चालायला शिकवलं तसं, "हां, सरळ. हितं उंबरा हाय. आता उजवीकडं," करत लांबलचक दालनातून त्याला न्यायला लागले. अनुया मागे चालत होती.

"बाबूजी!" मागून कुणीतरी हाक मारली. वॉर्डातली आया होती. चांगली हसऱ्या तोंडाची बाई. तिच्या हातात एक चप्पल होती. "आपकी चप्पल तो वहीं खाट के नीचे रह गयी. आपको पता ही नहीं चला?"

बळवंतराव थांबले. त्यांनी चपलेकडे बघितलं. मग खाली, आपल्या उघड्या डाव्या पायाकडे. मग पुन्हा चपलेकडे. संकेतने त्यांचा हात ओढला, "चला ना बाबा, चला." ते हलले नाहीत. त्यांनी तो पाय उचलला आणि फरशीवर टेकवला. पुन्हा उचलला, पुन्हा जोर देऊन दाबला, दाबून धरला. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला.

मग त्यांनी वळून लेकीकडे बघितलं.

"अनु," ते म्हणाले, "फरशी गार हाय का गं?"

  आया चप्पल धरून उभीच होती.

"हो, बाबा," अनुया म्हणाली. "खूप गार आहे."